तेल नको, करडी साठवा

बोरीत मावशीच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. खिडकीच्या फळीवर दोन बाटल्या शेजारीशेजारी उभ्या असायच्या. एक कोल्ड्रिंकची रिकामी झालेली दोन लिटरची, तीत घाण्यावरून आणलेलं करडीचं तेल. दुसरी बोटभर उंचीची, तपकिरी काचेची, झाकणाला रबरी फुगा असलेला ड्रॉपर. ही मावसभावानं पुण्याहून कुरिअरनं पाठवलेली, मावशीच्या गुडघ्यांसाठी, वैद्यांच्या चिठ्ठीवर घेतलेली. लेबलावर ‘विजया’ लिहिलंय. विजया म्हणजे भांग. शहरातली मंडळी या तेलाला सरसकट सीबीडी ऑइल म्हणतात. दुपारी तीननंतर दोन्ही बाटल्यांवर ऊन यायचं. मी काही बोललो की मावशीचं ठरलेलं उत्तर: “उन्हात ठिवलं की तेल नितळतंय रे. आमी काय आजच ठिवायलोत का?”

नितळतं, हे खरं आहे. त्याच उन्हात ते खवट व्हायला लागतं, हेही खरं आहे. घाण्याचं करडी तेल आज मिलीलिटरला पंचवीस पैशांच्या आसपास पडतं. तीस मिलीची ती छोटी बाटली तीन हजारांना आली, म्हणजे मिलीलिटरला शंभर रुपये. चारशे पट महाग वस्तू आणि ठेवायची जागा तीच, खिडकीची फळी.

तेल कितीला पडतं हे आपण दुकानात घासाघीस करून ठरवतो. ते टिकवायला किती खर्च येतो आणि न टिकल्यास किती बुडतं, हा हिशोब कुणी मांडत नाही. तो इथं मांडतो. आधी करडीचा, कारण तिचं बरंच काही छोट्या बाटलीलाही लागू पडतं.

घाण्यावरचा हिशोब

बोरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं, जिंतूर तालुक्यातलं बाजाराचं गाव. काळी जमीन, रब्बीत ज्वारी, हरभरा, करडी. पूर्वी ज्वारीच्या वावराला कडेनं करडीचे तास असायचे. बोंडाला काटे, त्यामुळं जनावर आत शिरत नसे. काढणी पहाटे, दवानं काटे मऊ पडलेले असताना, हाताला फडकी गुंडाळून. पुढं सोयाबीन आणि हरभऱ्याची जोडी जमली आणि करडी मागं पडली. पण परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडीचा नाद सोडलेला नाही; ‘परभणी कुसुम’ आणि ‘पूर्णा’ हे वाण तिथलेच. अशा बियात साधारण २८ ते ३० टक्के तेल असतं. लाकडी घाण्यावर ते सगळं निघत नाही, थोडं पेंडीत राहतं. म्हणून व्यवहारात किलोभर तेलाला चार ते सव्वाचार किलो करडी धरावी.

२०२६-२७च्या रब्बी विक्री हंगामासाठी केंद्रानं करडीचा हमीभाव क्विंटलला ६,५४० रुपये ठरवला. आदल्या वर्षी तो ५,९४० होता. बाजारात भाव याच्या वर-खाली होतो, पण हिशोबाला ६५ रुपये किलो धरू. विजेवरच्या लाकडी घाण्यात एका वेळी पंधरा-वीस किलो माल पडतो. त्याला ‘एक घाणी’ म्हणतात. पंधरा किलोची घाणी घ्या. करडीचे ९७५ रुपये. गाळणावळ किलोला १२ रुपये धरली तर १८० (ती गावागणिक बदलते, आधी विचारा). झाले १,१५५. तेल निघालं साडेतीन किलो आणि पेंड अकरा किलो. पेंड घाण्यावरच सोडली आणि किलोला वीस रुपये वळते झाले तर २२० वजा. उरले ९३५. साडेतीननं भागा: किलोला २६७ रुपये.

आता एक खोच. घाणेवाला किलोनं देतो, कंपनी लिटरनं. तेल पाण्याहून हलकं. लिटरभर तेलाचं वजन ९१०-९२० ग्रॅमच भरतं. म्हणजे २६७ रुपये किलो म्हणजे २४५ रुपये लिटर. शहरात लाकडी घाण्याच्या नावानं विकली जाणारी नक्षीदार लेबलाची बाटली ३५० ते ४५० रुपये लिटर दिसते, तेव्हा फरक मोजताना हे डोक्यात असू द्या. पिशवीच्या तेलात तर ९१० ग्रॅम, ८५० ग्रॅम, ७५० ग्रॅम अशी वजनं उतरत गेली आहेत आणि पिशवी तेवढीच दिसते. पाकिटावर आता एककाचा भाव, म्हणजे किलोचा किंवा लिटरचा दर, छापावा लागतो. तोच वाचायचा, मोठ्या अक्षरातली किंमत नाही.

याच हिशोबाची दुसरी बाजू अशी की करडीचा भाव साठीच्या पुढं असताना कुणी घाण्याचं करडी तेल दीडशे-पावणेदोनशे रुपये किलोनं देत असेल, तर ते निव्वळ करडीचं असू शकत नाही. त्यात सोयाबीन किंवा सरकीचं रिफाइंड मिसळलेलं असतं. कंपनीचं रिफाइंड करडी तेल स्वस्त पडू शकतं, कारण कारखान्यात द्रावकानं पेंडीतलं उरलंसुरलं तेलही काढतात. घाणेवाल्याला ती सोय नाही. त्याच्याकडं स्वस्ताई कुठून येणार?

माझी पंधरा किलोंची गोष्ट

काही वर्षांपूर्वी शिमग्याच्या सुमारास मी एकदम पंधरा किलोचा डबा घेतला. तेव्हा तीनशे रुपये किलो भाव होता. एकदम घेतलं म्हणून किलोमागं वीस रुपये सोडले. तीनशे रुपये वाचले, मी खूश. डबा पत्र्याच्या खोलीत ठेवला, कारण स्वयंपाकघरात जागा नव्हती. परभणी जिल्ह्यातला एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीस असला तर पत्र्याखाली काय असेल! आषाढात एकदा धपाट्यांवर कच्चं तेल घातलं आणि घशात खवखव सुटली. डब्यात अजून सहा किलो तेल होतं. ते कंदिलाला, बिजागऱ्यांना, अवजारांच्या दांड्यांना वापरत बसलो. वाचवले ३००, गेले १,६८०. चूक विकणाऱ्याची मुळीच नव्हती. त्यानं दिलेलं तेल ताजंच होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. वर्षाचं साठवायचं असेल तर बी साठवावं, तेल महिन्याला काढावं. करडीच्या दाण्याचं टणक टरफल हे तेल ठेवायचं सर्वांत चांगलं भांडं आहे, आणि ते फुकट येतं. आत उजेड नाही, वारा नाही, तेलाचा थेंब थेंब आपापल्या पेशीत बंद. चांगली वाळलेली करडी पुढच्या सुगीपर्यंत सहज राहते. घाण्यात पडून टरफल फुटलं की तेलाचं घड्याळ सुरू होतं.

पाच-सहा माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन किलो तेल पुरतं, म्हणजे महिन्याला एक घाणी. वर्षाची १८० किलो करडी, साडेतीन पोती. ६५ रुपयांनी एकदम घ्यायला ११,७०० रुपये लागतात. मार्चमध्ये एवढी रक्कम हातात नसेल तर निम्मी घ्या. उन्हात दोन दिवस वाळवायची (उन्हाचा उपयोग इथं आहे, तेलाला नाही), दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. पोती भिंतीपासून वीतभर लांब, खाली फळ्या. घरात बळद असेल तर उत्तमच. उंदरांचा बंदोबस्त तेवढा करा. करडी त्यांनाही आवडते.

खवट म्हणजे नेमकं काय

करडीच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं. हृदयाला बरं म्हणून ज्याची जाहिरात होते ते हेच. पण याच आम्लाच्या रेणूवर हवेतला प्राणवायू सहज हल्ला करतो. शेंगदाण्याच्या तेलातलं ओलिक आम्ल त्या मानानं दमदार, खोबऱ्याचं तेल तर जवळजवळ सगळंच संपृक्त, म्हणून ते टिकतं. जवसाची गत करडीहूनही नाजूक: त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल, इतकं चटकन वाळणारं की त्याचा रंगासाठी आणि क्रिकेटच्या बॅटला चोळण्यासाठी उपयोग होतो. तिळाला निसर्गानंच राखण दिली आहे. त्यातले सेसमॉलसारखे घटक तेलाला सडू देत नाहीत. ज्या करडी तेलाची आपण तब्येतीसाठी किंमत मोजतो, त्याचा गुणच त्याचा नाजूकपणा आहे.

या प्राणवायूला मदत करणारे चौघे. पहिला उजेड, आणि तो थेट उन्हाचाच असावा असं नाही. ट्यूबलाइटखालच्या मांडणीवरही नुकसान होतं. दुसरी उष्णता: तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशोब आहे. जी बाटली पंचवीस अंशांत तीन महिने टिकेल ती पत्र्याखाली महिनाभरही धड राहणार नाही. तिसरे धातू, मुख्यतः तांबं आणि लोखंड. कल्हई न केलेल्या पितळी डब्यात तेल ठेवू नका. पितळेत तांबंच असतं. चौथं पाणी. घाण्याच्या ताज्या तेलातला गाळ ओलसर असतो. तळाशी तो तसाच राहिला तर वरचं नितळ तेलही बिघडवतो.

नितळवायचं कसं, हा मावशीचा प्रश्न रास्तच आहे. उत्तर सोपं आहे: अंधारात. तेल स्टीलच्या डब्यात झाकून चार-सहा दिवस हलवायचं नाही. गाळ आपोआप बसतो. वरचं तेल हलक्या हातानं ओतून घ्यायचं, शेवटचं गढूळ वाटीभर वेगळं काढून त्याच आठवड्यात फोडणीला संपवायचं. उन्हात हे काम दोन दिवस लवकर होतं, आणि त्या दोन दिवसांपायी तेलाचं आयुष्य घटतं.

खवटपणा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीचं झाकण उघडा आणि आट्यांवरून बोट फिरवा. करडीचं तेल अर्धवट वाळणाऱ्या जातीचं. हवा लागलेलं तेल आट्यांमध्ये घट्ट, पिवळट, डिंकासारखं बसतं. नखानं खरवडलं तर सालपट निघतं. हे सालपट बाटलीच्या तोंडाशी असतं तोवर ठीक. कोमट पाण्यानं धुऊन, पुसून कोरडं करा. मग चार थेंब तळहातावर घेऊन चोळा आणि वास घ्या. चांगल्या करडी तेलाला भाजल्या दाण्याचा मंद वास येतो. बिघडलेल्याला जुन्या खोबऱ्याचा, रंगाच्या डब्याचा वास. शंका आली तर भाकरीच्या तुकड्याला लावून चाखा. घसा सांगतो.

भांड्यावर किती खर्च करावा

फार नाही. महिन्याचं साडेतीन किलो तेल म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. त्याला पाच लिटरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सहाशे ते नऊशे रुपयांत येतो आणि पंधरा-वीस वर्षं जातो. त्याहून बरी युक्ती म्हणजे लिटरच्या चार तपकिरी काचेच्या बाटल्या. रसायनांच्या वा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात ऐंशी-दीडशे रुपयांना एक मिळते. कोऱ्याच घ्या, रसायनाच्या रिकाम्या नव्हे. चारही गळ्यापर्यंत भरायच्या, म्हणजे वर हवा उरत नाही. एका वेळी एकच उघडायची. मोठ्या कॅनमध्ये तळाशी अर्धा लिटर तेल आणि वर चार लिटर हवा, असं आपल्याकडं घरोघरी असतं. त्या अर्ध्या लिटरचं मरण तिथंच ओढवतं. तपकिरी बाटली मिळाली नाही तर साध्या काचेच्या बाटलीला जाड कागद गुंडाळा, खर्च शून्य. चिनीमातीची बरणी चालते, पण झाकण सैल असतं, दादरा बांधावा लागतो.

कोल्ड्रिंकच्या बाटल्या वापरू नका असं मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. त्या पारदर्शक असतात, आतून धड वाळत नाहीत, आणि त्यांचं प्लॅस्टिक पातळ. पाण्याचा एक घोट तळाशी राहिला तरी तेल त्याच्याशी आठवडाभर भांडत बसतं.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. किटलीत थोडं जुनं तेल शिल्लक असतानाच वरून नवं ओततात. विरजणाचा चमचा जसा सगळं दूध विरजतो, तसं ते जुनं तेल नव्याला बिघडवतं. किटली रिकामी करा, धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, मग भरा. किटली चुलीच्या किंवा शेगडीच्या कट्ट्यावर नको. तिथं ती दिवसातून दोनदा तापते. दोन दिवसांचं तेल किटलीत, बाकी आत.

आत म्हणजे कुठं? जुन्या माळवदाच्या घरात याचं उत्तर भिंतीतच आहे. दोन हात रुंद मातीच्या भिंतीतली देवळी, तीही उत्तरेकडच्या खोलीतली, मे महिन्यातही बाहेरच्यापेक्षा बरीच थंड राहते. स्लॅबच्या घरात सर्वांत खालचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट. फ्रिज असेल तर करडीचं तेल बेलाशक फ्रिजमध्ये ठेवा. ते गोठत नाही, पातळच राहतं. शेंगदाण्याचं गढूळ होतं आणि बाहेर काढल्यावर पूर्ववत होतं. खोबऱ्याचं दगड होतं, त्याला फ्रिजची गरजही नाही.

तळणाचं एवढंच सांगतो: घाण्याचं करडी तेल पुऱ्या-भजी तळायला वापरू नका. ते कच्चं खायचं, चटणीवर, धपाट्यावर, फार तर फोडणीला. तळणाला शेंगदाणा. एकदा तळलेलं तेल पुन्हा ताज्यात ओतायचं नाही. तळून तळून तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हॉटेलवाल्यांसाठीचा असला तरी कढई आपलीही तीच.

विकत घेताना

सुट्टं खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांनी बंदी आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. आपली करडी आपल्यासमोर गाळून घेणं वेगळं. तो मजुरीचा व्यवहार झाला. पण दुकानातून तेल घेत असाल तर ते सीलबंद हवं आणि त्यावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, पॅकिंगची तारीख, मुदत आणि निव्वळ वजन हवं. तेलात पॅकिंगची तारीख सर्वांत महत्त्वाची. मुदत सहा महिन्यांची आणि तारीख पाच महिन्यांपूर्वीची असेल तर सवलतीचा मोह टाळा. दुकानाबाहेर उन्हात मांडलेल्या डब्यांकडंही तसंच पाहा. त्यांचं निम्मं आयुष्य तुम्ही घेण्याआधीच संपलेलं असतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पावती मात्र हवी.

आता ती छोटी बाटली

भांगेच्या झाडाचं कायद्यात विभाजन आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. शेंड्यांशिवायची पानं आणि बी गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदात पानांना विजया म्हणतात आणि त्यांचा अर्क आयुष परवान्यावर बनतो. झाड लावायला मात्र राज्याचा परवाना लागतो. उत्तराखंडानं २०१८ पासून हेम्पच्या, म्हणजे कमी नशेच्या भांगेच्या, शेतीला परवाने देणं सुरू केलं. औषध म्हणून भांग ही औषध नियमांच्या ई-१ या अनुसूचीत आहे. त्यामुळं लेबलावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशा अर्थाची सूचना हवी. वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय बाटली पाठवणाऱ्या दुकानाकडून घेऊ नका. रक्त पातळ करण्याच्या, फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा. सीबीडी हा भांगेतला घटक यकृतात त्या औषधांच्या वाटेत येतो. बऱ्याच विजया तेलांत नशा आणणारं टीएचसीही थोडंफार असतं. लेबलावर दोन्हींचे मिलिग्रॅम वेगवेगळे लिहिलेले असावेत.

खर्चातला मोठा घोटाळा इथं होतो. हेम्प सीड ऑइल आणि विजया तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलं भांगेच्या बियांचं साधं खाद्यतेल. खाद्यपदार्थ म्हणून त्याला एफएसएसएआयनं २०२१ च्या नोव्हेंबरात मान्यता दिली. त्यात सीबीडी नसल्यातच जमा. दुसरं पानांच्या अर्काचं औषध, तीस मिलीला हजार-दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत. बाटल्या सारख्या, चित्रातलं पान तेच. पहिलं तेल घेऊन दुसऱ्याचे पैसे मोजणारे मी पाहिले आहेत. ओळख सोपी आहे: खाद्यतेलावर १४ आकडी अन्न क्रमांक, औषधावर आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक.

टिकवण्याचं म्हणाल तर बाटलीतला अर्क कोणत्या तेलात विरघळवला आहे, हे आधी वाचा. तिळाचं तेल किंवा खोबऱ्यापासून काढलेलं एमसीटी तेल असेल तर उत्तम. हेम्पच्याच बियांचं तेल असेल तर ते करडीसारखं, किंबहुना करडीहून नाजूक. त्यात जवसातलं लिनोलेनिकही असतं. अर्क शाबूत राहील पण तेल खवट होईल, आणि खवट औषध जिभेखाली कोण धरणार? अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये मंजूर केलेलं एपिडायोलेक्स हे फिटवरचं सीबीडीचं औषध आहे. त्यातलं मुख्य तेल कोणतं? आपलं तिळाचं. त्याच्या माहितीपत्रकावर लिहिलंय: बाटली उभी, २० ते २५ अंशांत, झाकण घट्ट, गोठवू नये, उघडल्यापासून १२ आठवड्यांत वापरावी. कारखान्यातून तपासून निघालेल्या औषधाला बारा आठवडे, तर मावशीच्या बाटलीला वर्षभर कसं मिळेल?

उजेडाची गोष्ट जुनीच आहे. १९७६ साली लंडनच्या फेअरबर्न आणि सहकाऱ्यांनी भांगेचे नमुने वेगवेगळ्या रीतीनं ठेवून पाहिले. उजेड हेच ऱ्हासाचं सर्वांत मोठं कारण निघालं. अंधारात, खोलीच्या तापमानाला नीट ठेवलेला माल वर्ष-दोन वर्षं बऱ्यापैकी तग धरून होता. तपकिरी काच उजेड कमी करते, संपवत नाही. म्हणून बाटली तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच ठेवा. खोकं फेकू नका. तीन हजारांच्या मालाचा तो फुकटचा पहारेकरी आहे.

ड्रॉपर जिभेला टेकवायचा नाही. लाळ परत बाटलीत गेली की पाणी आणि जंतू दोन्ही गेले. चमच्यात थेंब मोजा आणि चमचा तोंडात घ्या. झाकणावर उघडल्याची तारीख पेनानं लिहा. रबरी फुगा तेलानं चिकट किंवा मऊ पडला असेल तर आतही हवा जाते आहे असं समजा. बाटली आडवी ठेवली की तेल सतत रबराला लागतं, म्हणून उभीच.

बोरीत मे महिन्यात घरात पंचवीस अंश कुठून आणणार? देवळी नसेल तर फ्रिजचं दार, खोक्यासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तेल दाट झालं तर वापराआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि हलकेच हलवा. गरम पाण्यात बुडवू नका. फ्रिज नसेल तर एका मोठ्या गाडग्यात ओली वाळू, त्यात छोटं कोरडं गाडगं, त्यात बाटली, वर झाकण. वाळू रोज ओली करायची. खर्च कुंभाराकडची दोन गाडगी, शंभर-दीडशे रुपये. हाच उपाय करडीच्या लिटरच्या बाटलीलाही चालतो.

आणखी एक: हे तेल एप्रिल-मेमध्ये मागवू नका. कुरिअरच्या गाडीत ते दोन-तीन दिवस तापत येतं. पावसाळ्यानंतर मागवा आणि एका वेळी एकच बाटली घ्या, तीन बाटल्यांवर चौथी फुकट असली तरी.

मावशीची छोटी बाटली आता खोक्यासकट देवळीत, गणपतीच्या शेजारी आहे. मोठी अजून खिडकीतच. नवी करडी फेब्रुवारी-मार्चात बाजारात येईल. पहिली घाणी काढायला जाल तेव्हा भांडं घरून न्या, आदल्या दिवशी धुऊन कडक वाळवलेलं, आणि ती कोल्ड्रिंकची बाटली घरीच ठेवा.